नीलमचे गुरुवार

चौथ्यांदाही तेच झालं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी नीलमचा सूर वर चढला आणि ऐकताना हेडफोनमध्ये तो मध्येच तुटला. टक्. अर्ध्या क्षणाची पोकळी, मग पुन्हा सूर. जणू कुणी तिच्या तोंडावर हात ठेवून लगेच काढून घेतला होता.

तिच्यासमोर लॅपटॉप होता. त्याला वायरने जोडलेली विटेएवढी डबी, आणि डबीला माइक. माइकमधला आवाज ही डबी लॅपटॉपमध्ये पोचवायची. सगळं तिच्या भावाने, पीयूषने, पुण्याहून आठवड्यापुरतं आणून दिलं होतं.

साल २००८. पुण्यातली एक कंपनी जैनांच्या पर्युषणाआधी स्तवनांची सीडी काढणार होती. मंचरच्या एका लग्नात नीलमचं गाणं ऐकलेल्या कुणीतरी तिचं नाव सुचवलं. तीन स्तवनं स्वच्छ रेकॉर्ड करून शनिवारपर्यंत पाठवा, पसंत पडली तर दोन महिने दर गुरुवारी पुण्याला स्टुडिओत या, असा निरोप आला.

सीडीवर नाव छापून येण्याचं नीलमला फारसं काही वाटत नव्हतं. तिला गुरुवार हवे होते. लग्न होऊन कळंबला आल्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत ती गावाबाहेर एकटी अशी कधी गेलीच नव्हती. माहेरी आळ्याला जाताना नवरा, ललित, सोबत. दवाखान्यात सासूबाई. मंचरला ब्लाउजपीस आणायचा तरी नणंद वाट वाकडी करून येणार.

सासऱ्यांनी, सुगनचंदशेठनी, नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायची त्या घरात पद्धतच नव्हती.

"आधी आवाज तर पसंत पडू दे, बेटा," ते म्हणाले होते. "मग पुण्याचं बघू."

घराखालीच त्यांची पिठाची गिरणी होती. लाईट असली की गिरणी चालणार, आणि गिरणी चालली की फडताळातल्या वाट्यासुद्धा वाजणार. म्हणजे रेकॉर्डिंग करायचं ते भारनियमनातच. या आठवड्यात लाईट बारा ते चार जात होती, पुढच्या आठवड्यात वेळ बदलणार होती. त्या चार तासांतही सासूबाईंना, रुक्मिणीबाईंना, दर दहा मिनिटांनी नीलम लागायची. पण एक वाजता त्या सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसत. अठ्ठेचाळीस मिनिटं आसन सोडायचं नाही, संसाराचा शब्द काढायचा नाही. त्यांनी वाळूचं घड्याळ उलटं ठेवलं की नीलम माडीवर जाऊन दार लावून घेई.

बुधवारी तिने पीयूषला फोन लावला.

"वायर बदललीस?" त्याने विचारलं.

"बदलली. दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. तिन्ही खाचा झाल्या."

"व्हायरसचं सॉफ्टवेअर बंद कर. आणि बफर वाढव."

"ते काय आणखी?"

"ताई, तुमच्या गिरणीखाली पिठाचा डबा असतो ना? डबा लहान आणि उचलणारा हळू, तर पीठ सांडणारच. आवाजाचंही तसंच. डबा मोठा कर."

तिने केला. एका स्तवनात आठ ठिकाणी तुटत होतं, ते तीनवर आलं. पण तीन टक् तरी कसे पाठवायचे? पुण्याचा माणूस पहिल्याच ‘टक्’ला हेडफोन काढून ठेवील. तिने पुन्हा गायलं, पुन्हा ऐकलं. खालून हाक आली. अठ्ठेचाळीस मिनिटं संपली होती.

गुरुवारी सकाळी चिडून तिने गिरणीच्या घरघरीतच एक स्तवन रेकॉर्ड केलं, लॅपटॉपवर मोठ्याने लावलं आणि घरघरीला वैतागून नीट न ऐकताच बंद केलं. मग दुपारी गायलेलं हेडफोन न लावता ऐकत बसली असताना भांडी घासायला आलेली साळुबाई जिन्यावर थबकली.

"काय वो वैनी, गाता गाता मदीच घोट गिळता व्हय?"

"मी नाही गं, हे मशीन गिळतंय."

"सकाळी तर न्हाई गिळलं. गिरणी लई घरघरत व्हती, पर तुमचं गाणं सरळ वाजत व्हतं की."

नीलमने सकाळचं लावलं. घरघरीखालचा आपला आवाज कान देऊन ऐकला. एकदाही तुटलेला नव्हता. गिरणी चालू म्हणजे लाईट चालू. लाईट चालू म्हणजे लॅपटॉप चार्जरवर. दुपारी तो बॅटरीवर असतो.

"अरे देवा!" पीयूष फोनवर ओरडला. "तू बॅटरीवर करत होतीस? चार्जिंग वाचवायला तो आपणहून मंद होतो, ताई. उचलणारा माणूसच पेंगतो, मग डबा कितीही मोठा असू दे. वर त्या डबीचा वीजपुरवठाही मध्येच आखडता घेतो. दुपारी तिथे लाईट नसते हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

लॅपटॉपचं ते चार्जिंग वाचवणं बंद करायला कुठे जायचं, कुठली खूण काढायची, ते त्याने सांगितलं. तिने कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं. आता बॅटरी जेमतेम तासभर टिकणार होती. नीलमला तेवढी पुरे होती.

शुक्रवारी एक वाजता ती बसली. तिन्ही स्तवनं ओळीने गायली. पडद्यावरची हिरवी रेघ कुठेही न तुटता पुढे पुढे गेली. "नीलम!" अशी हाक आली, तेव्हा ती डोळे मिटून शेवटची ओळ दुसऱ्यांदा ऐकत होती. पहिल्यांदाच त्या हाकेला तिने आनंदाने ओ दिली.

तिन्ही स्तवनं सीडीवर घालून शनिवारी पुण्याला गेली. बुधवारी फोन आला तो गिरणीतल्या फोनवर, आणि सुगनचंदशेठनीच उचलला. ते पेढे घेऊनच वर आले.

"पसंत! एक नंबर आवाज म्हणाले. आणि रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ, की त्यांचा स्टुडिओवाला म्हणतो, बाईंना इथवर कशाला आणता? राहिलेली घरूनच पाठवू देत."

"पाहिलंस?" रुक्मिणीबाईंनी पेढा तिच्या तोंडात घातला. "उगाच एसटीत धक्के खात जाणार होतीस."

"पण बाबूजी," पेढा गिळून नीलम म्हणाली, "स्टुडिओत वेगळं असतं. तिथे सांगणारं कुणी असतं, शिकायला मिळतं..."

"आता तुझं काय शिकायचं राहिलंय? मशीनसुद्धा तूच ताळ्यावर आणलंस!" ते मनापासून हसले. "पीयूषला सांगतो, ते इथेच राहू दे. आणि दुपारी तासभर गिरणी बंद ठेवू. घरच्या सुनेसाठी एवढं नको करायला?"

तिला कुणी नाही म्हटलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी ललितने गिरणीतली रिकामी पोती आणि जुन्या गोधड्या माडीवर आणल्या. तो उत्साहात होता. एकेक गोधडी भिंतीवर ताणून ठोकत होता, आणि नीलम खिळे हातात घेऊन शेजारी उभी होती.

"पुण्यात अंड्यांचे ट्रे लावतात म्हणे भिंतींना," तो हसला. "आपल्याकडे आणले तर आई घराबाहेर काढेल!"

तीन भिंती झाल्या. मग त्याने स्टूल रस्त्याकडच्या खिडकीखाली सरकवलं.

"ती राहू दे," नीलम म्हणाली. "उकडतं."

"अगं, सगळी गडबड तिथूनच तर येते. ट्रक काय, एसट्या काय." त्याने दुहेरी पोतं चौकटीवर धरलं. खोलीतला उजेड एकदम कमी झाला. "दे."

तिने मुठीतला एक खिळा त्याच्या हातात ठेवला, आणि पोतं घसरू नये म्हणून खालचं टोक धरलं.