हाक आण्णांचीच

सिल्लोडजवळ आमच्या माळावर सिनेमाचं शूटिंग झालं तेव्हा माझ्या वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, गळा शाबूत होता. सुलतानी काळातला शहजादा आणि मेंढपाळाची पोर यांची प्रेमकथा होती. पोर अर्थातच गोरीपान, आणि घोंगडी अशी घेतलेली की जणू शाल पांघरून लग्नाला निघालीय. गर्दीत उभं राहायला मात्र मेंढरांसकट आम्ही अस्सल. आण्णांना एक वाक्य मिळालं. वाट चुकलेला शहजादा किल्ला किती लांब ते विचारतो. आण्णांनी लिहून दिलेलं बाजूला सारलं आणि माळावर आलेल्या कुणालाही म्हणाले असते तेच म्हणाले, "लई लांब हाय. आधी पाणी प्या." मग वळून मेंढरांना हाक घातली आणि कळप त्यांच्यामागं चालू लागला. दिग्दर्शक खूश झाला, म्हणाला तसंच राहू द्या.

वर्षभरात घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मेंढरं आवाज ओळखतात. मुक्या माणसामागं ती येईनात. आण्णांनी कळप विकला. मी बजाजनगरात खोली करून राहते, वाळूजला कंपनीत जाते. रोज संध्याकाळी फोन लावते. मी बोलायचं, त्यांनी नखानं फोनवर टकटक करायचं. एक म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. फोन ठेवला की खोली आणखीच रिकामी वाटते. मोबाइलमध्ये मेंढरांचे फोटो ढीगभर, पण आण्णांचा आवाज कुणी कधी टिपून ठेवला नव्हता. तो उरला असला तर त्या सिनेमात.

सिनेमा लागला तेव्हा बघायला चला म्हटलं, तर दोन टकटक. आधी मी बघून येऊ का, यावर एक.

रविवारी दुपारच्या खेळाला एकटीच गेले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली. सुलतानाचे शिपाई लखनवी उर्दू झाडत होते. इथल्या शहागंज बाजारात रोज कानावर पडणारी दखनी बोली कुणाच्या गावीही नव्हती. याचं मला हसू आलं. मग आपली पाळी आली.

आण्णा दिसले. ओठ हलले, आणि भलत्याच माणसाचा आवाज आला, "माफी असावी सरकार, लय दूर हाय जी." पाणी गायब. आण्णांनी जन्मात कुणाला जी-सरकार केलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कुणाचा तरी हात घट्ट धरावासा वाटला, पण शेजारी पर्स होती.

तेवढ्यात ते वळले. "हिर्रर्र... हाऽऽ, हाऽऽ." ती हाक त्यांचीच होती, शेवटाला जराशी फाटणारी. ती दुसऱ्या कुणाला जमली नाही म्हणून राहिली की नजरचुकीनं, देव जाणे. मागची माणसं पॉपकॉर्न खात होती. मी हमसून हमसून रडले.

बाहेर येऊन पार्किंगमधूनच फोन लावला. खोटं सांगावं असं मनात आलं, पण आण्णांना माझं खोटं लगेच कळतं. वाक्य दुसऱ्याच्या आवाजात आहे, पाण्याचं काढून टाकलंय, असं सांगितलं. मग मी म्हणाले, "पण मेंढरांना घातलेली हाक तुमचीच हाय, आण्णा. येता का ऐकायला?"

मग एक टकटक आली. म्हणजे होय, येतो, असं मी धरलं. तर दुसरी आली, तिसरी आली, आणि नख थांबेचना. एवढ्या टकटकींचा अर्थ आमचा कधी ठरलाच नव्हता. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.