किरणांचं सुतक

पुनावळ्याच्या साहेबरावांनी चाकणच्या एका कंपनीत जन्मभर प्रेस मशीन चालवलं आणि सगळी बोटं शाबूत ठेवून रिटायर झाले. प्रेस शॉपमध्ये ही पदवीच समजतात. मग त्यांनी घरामागच्या खोल्यांत आमच्यासारखी कंपनीची पोरं भाड्यानं ठेवली आणि प्रत्येकाला टोपणनाव द्यायचा उद्योग सुरू केला. लातूरकडचा जयदीप सारखा आरशात बघतो म्हणून तो 'नवरी'. मला काय म्हणायचे ते राहू द्या.

पुढं नावं ठेवणाऱ्यालाच नावं सापडेनात. आधी आमची गेली, त्याचं कुणाला दुःख नव्हतं. मग मुलाचं, ज्ञानेशचं गेलं. आणि एका सकाळी ते बायकोला, इंदुताईंना म्हणाले, "मावशी, भांडी झाली की दार वढून घ्या."

टिकली फक्त सून, निशिगंधा. तिला ते निशा म्हणायचे आणि तिच्याच हातचं जेवायचे. दुसऱ्या कुणी ताट आणलं तर सरकवून द्यायचे आणि ती हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून घरी येईपर्यंत उपाशी बसायचे.

इंदुताईंचं निदान तयार होतं. "सोंग हाय. मला इसरतो आन् सुनंला न्हाई, आसला कुठला रोग?"

ज्ञानेशला वाटत होतं, काहीतरी दुसरंच निघेल आणि गोळ्यांनी बरं होईल. डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन सांगितला. शिरेतून किंचित किरणोत्सर्गी औषध सोडायचं. अल्झायमर असेल तर मेंदूत साचलेल्या प्रथिनाला ते जाऊन चिकटतं आणि मशीनला तेवढा भाग उजळलेला दिसतो. इंदुताईंना ही कल्पना फार पटली. नवऱ्याचं सोंग पकडायचं मशीन निघालंय म्हणून त्या गल्लीभर सांगून आल्या.

स्कॅनच्या दिवशी साहेबराव निशाला घेतल्याशिवाय गाडीत बसेनात. पण तिला तिसरा महिना होता, तिला मनाई होती. ज्ञानेशनं कसंबसं बसवून नेलं. स्कॅन झाल्यावर निघताना सेंटरवाल्यानं त्याला बजावलं, की आजचा दिवस यांना गरोदर बाईपासून आणि लहान पोरांपासून लांब ठेवा. औषध भराभर विरतं, उद्या सकाळी काही उरत नाही.

रिपोर्ट आला. मेंदू जागोजागी उजळलेला. सोंग नव्हतं. इंदुताई रडल्या नाहीत. सोंग असतं तर भांडता तरी आलं असतं, आता तीही सोय गेली. मग त्यांनी दुसरी सोय काढली.

"येक दिवस कसला? सूर्याला गिराण लागल्यावर पोटुशी बाई सुरी धरत न्हाई, आन् ह्यांच्या तर अंगातच किरणं घातल्यात. बाळ व्हईस्तोवर ह्यांनी तिच्या सावलीला यायचं न्हाई."

ज्ञानेशनं सेंटरला फोन लावून पुन्हा विचारलं आणि आईला सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या फोनवाल्याची सून पोटुशी आहे का? ज्ञानेशनं फोन खिशात घातला. निशिगंधा इंजिनिअर, तिला सगळं कळत होतं. पण तिच्या आईनंही फोनवर तेच सांगितलं. शिवाय ऑफिसातून आल्या आल्या सासऱ्याला घास भरवायचं सुटलं होतं. मळमळत असताना तेवढं कुणाला नको असतं?

साहेबरावांची खाट पार्किंगच्या कडेला पत्र्याच्या खोलीत गेली. ताट-तांब्या वेगळा. शेजारचा गॅरेजवाला शौकत म्हणायचा, "चाचा, बॅटरी उतरलीये, जरा हात लावता का?" आम्ही हसायचो. सगळे हसतात म्हणून साहेबरावही हसायचे.

सुरुवातीला ते खोलीतून हाक मारायचे, "निशा." ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "आबा, जेवून घ्या." तेवढ्या आवाजावर ताट संपायचं. सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि आवाजही गेला. दोन-चार दिवस ताटं परत गेली. ज्ञानेशनं व्हिडिओ कॉल लावून दिला, तर साहेबराव ती मागं कुठं उभी आहे म्हणून मोबाइलच उलटा करून बघत बसले. शेवटी भुकेपुढं काही चाललं नाही, इंदुताईंच्या हातचं खाऊ लागले. जेवण झालं की म्हणायचे, "मावशी, निशा आली की सांगा." पुढं पुढं तेही म्हणायचं बंद झालं. इंदुताईंनी ते जयदीपला सांगितलं, रोग हटल्यासारखं.

मुलगी झाली. तिला घेऊन निशिगंधा परत आली तेव्हा आम्ही सुट्टीमुळं खोलीवरच होतो. बाळ सासूकडं देऊन ती आधी स्वयंपाकघरात गेली, स्वतः ताट वाढलं आणि पत्र्याच्या खोलीशी आली.

"आबा, मी आले."

साहेबराव उठले. शर्टाची गुंडी लावली आणि खाटेवर जागा करून दिली. "बसा ताई. घरचे बाहेर गेल्यात. कुणाकडं आला व्हता?"

"आबा, निशा."

"न्हाई, ती हितं ऱ्हात न्हाई."

इंदुताई नातीला खांद्यावर थोपटत दारात आल्या. सुनेकडं बघून म्हणाल्या, "बरं झालं. आता तू आन् मी सारख्या."

निशिगंधानं ताट खाली ठेवलं. साहेबरावांनी ते पुढं ओढलं आणि जेवायला लागले. कुणी दिलंय, ते बघितलंसुद्धा नाही.