थावरूनं घरोघरी वाटलेला दोर

त्या दिवशी तांड्याच्या ओट्यापाशी कोन कोन होतं ते पयले सांगतो. नायक रामधन होता. थावरूची बहीन जमनी होती. ठाण्याचा जमादार अन् त्याच्या संग दोन शिपाई. बियान्याचे कागद तपासनारा साहेब. माहा नवरा गोपी. मी. बाकी तांड्यातले बाया-मानसं मांगं उभे. अन् मधात थावरू, त्याले तं अजून कळलंच नव्हतं का हे सगळे त्याच्यासाठी जमले म्हनून. इतके लोक होते, पन एकाच्याबी तोंडातून खरं निंगालं नाई.

झालं असं का, सकाळी नाल्यात एक टेम्पो सापडला. ड्रायवर पळून गेलता. आत कपाशीच्या बियान्याचे पोते. सरकारनं बंदी घातलेलं बियानं, नदीपल्याडून तेलंगणातून चोरून आनलेलं. लोक त्याले चोरबीटी म्हनत. ते सालंच तसे होते. बोंडअळीनं दोन साल बोंडं आतून खाल्ले, मंग जो जे बियानं देईन ते लोक घेत. त्या चोरबीटीतबी अर्धं बोगस. पेरलं तं उगवेच ना. मुकुटबनकडच्या कितीक वावरात आदल्या साली नुसती काळी माती दिसे.

त्या पोत्याचे तोंड निळ्या दोरानं बांदले होते. जाडजूड, चिकना, जहाजावरचा दोर. असा दोर आमच्या भागात आननारा मानूस एकच होता.

थावरू माह्या नवऱ्याचा चुलतभाऊ. मले भोजाई म्हने. ऊसतोडीले गेलता, तिथून मुंबईच्या गोदीत हमाली, गोदीतून जहाजावर खलाशी. आठ-नऊ महिने पान्यावर, मंग दोन-तीन महिने तांड्यात. आमी बंजारे लोक, पयले बैलावर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरनारे. थावरू म्हने, "आजा बैलावर मीठ न्यायचा. मी मिठावरून माल नेतो. धंदा तोच हाये, भोजाई, बैल तेवढा मोठा झाला."

चालतांनी पाय फाकवून चाले, जशी काही जमीन हालून राह्यली. सकाळी उठला का आंगन बादल्या मारून धुवे. बाया हासत, "काहून रे, शेनानं सारवाचं सोडून धुतं काहून?" त्याले सवय. अन् दिवस बुडाला का तांड्यातून एक चक्कर मारे. वासरू बांदलं का? दार बांदलं का? टिनावर गोटा ठेवला का? एकच शब्द तोंडात, "बांदलं का?" म्हातारी रूपली त्याले चिडवे, "आता जमिनीलेबी बांद बे थावरू, पळून जाईन!" तो म्हने, "जमीन नाई पळत, काकी. मानसं पळतेत."

एका साली तांड्याच्या विहिरीचा दोर तुटला अन् रूपलीची बादली घागरीसकट खाली गेली. पुढच्या खेपेले थावरू येतांनी एक मोठ्ठं वेटोळं खांद्यावर घेऊन आला. जहाजावर दोर जुना झाला का टाकून देतेत, तो सारंगाले, म्हंजे त्याच्या मुकादमाले, इचारून आनला. ओट्यावर बसला, मापं घेऊन कापला, एकेक टोक आगपेटीनं वितळवून गोल केलं, अन् घरोघरी एकेक तुकडा देल्ला. कोनी बैलाचा कासरा केला, कोनी पाळना टांगला. माह्या घरी गोपीनं गाडीवर कपाशीच्या पराट्या आवळाले घेतला. दोरीचं पक्कं काम झालं म्हनून सगळा तांडा खूश.

तं त्या सकाळी पोलिस येऊन राह्यले हा निरोप जमादाराच्या आधी पोचला. निळा दोर धुंडून राह्यले म्हने. झालं. दहा मिनटात पाळने उतरले. कोनी दोर ढोराच्या कुटारात दाबला, कोनी चुलीत घातला, कोनी विहिरीत टाकला. कोनी कोनाले सांगतलं नाई, पन सगळ्याईनं तेच केलं. मी माह्या घरी पाह्यलं तं आमचा तुकडा जाग्यावर नव्हताच. मले वाटलं गोपीनं लपवला.

थावरू तवा नदीवर आंग धुवाले गेलता. त्याच्या घरी उरलेलं वेटोळं खुट्टीले जसंच्या तसं.

जमादारानं घरं तपासले, थावरूच्या खुट्टीवरचं वेटोळं तेवढं सापडलं. मंग थावरू नदीवरून आला तं ओट्यावर सगळ्याईले इचारलं, "असा दोर अजून कोनाच्या घरी हाये?"

नायकानं खाली पाह्यलं. म्हने, "नाई जी."

"बाई, तुमच्या घरी?"

म्या म्हटलं, "नाई जी."

थावरूनं तवा सगळ्याईकडे एकदा पाह्यलं. हासला नाई, रागावला नाई. जमनी बोलाले गेली तं त्यानं तिले हातानं थांबवलं. त्याले घेऊन गेले. चार दिवसानं जमानतीवर सुटला, पन त्याचं खलाशाचं बुक जप्त झालं. त्या बुकाशिवाय जहाजावर पाय ठेवू देत नाई. केस मिटल्याशिवाय बुक नाई, बुकाशिवाय जहाज नाई.

थावरूले नेलं त्याच दिवशी सांजच्याले गोपी मले बोल्ला. तो बियानेवाल्या शेठच्या गोदामात हमाली करे. "पोते म्या बांदले," म्हने. "सुतळी सरली होती. गाडीवरचा दोर कापून बांदले."

"मंग जाऊन सांग जमादाराले."

"शेठ सुटन अन् मी आत जाईन. तू अन् पोरी काय खासान?"

मी गप बसली. तवा जी गप बसली ते बसलीच.

मंग थावरूचे हाल सुरू झाले. ज्यांचं बियानं उगवलं नव्हतं त्याईले शिव्या द्याले एक मानूस सापडला. बाजारात गेला का लोक म्हनत, "आला बोगस!" एका म्हातारीनं त्याच्या अंगावर माती फेकली, तिच्या वावरातली कोरडी माती. तो झटकत घरी आला. मले म्हने, "भोजाई, त्या बुढीचं काय चुकलं? तिचं वावर खरंच रिकामं राह्यलं." तांड्यातल्या कोनालेबी त्यानं दोराबद्दल इचारलं नाई. नायक एकदा सोताच म्हनाले गेला, "थावरू, आमी भेलो रे." तं हा म्हने, "जहाजात पानी शिरलं का पयले भोक पाहा लागते, नायक. कोनाची चूक ते मंग."

अन् तो भोक पाहाले लागला. लोक म्हनत चोर राती येतेत. थावरू म्हने, "राती नाकाबंदी असते, कुत्रे असतेत, वावरात जागल असते. आपल्या भागात कोनीच नसते ते भर दुपारी." खरंच होतं. मे महिन्यात बाराच्या पुढं चिमनीबी दिसत नाई. हा डोक्याले ओला दुपट्टा बांदून पैनगंगेच्या काठावर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसे. बारा ते चार. जहाजावर चार तासाचा पहारा असते म्हने, तोच त्यानं इथं लावला. जमनी ताकाचा गडू घेऊन जाये. तोंड भाजून काळं पडलं, ओठ फुटले. एक डाव चक्कर येऊन पडला, गुराख्याईनं पानी मारून उठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

पंधरा-वीस दिवसानं माह्या दारात आला. आत आला नाई. म्हने, "भोजाई, लग्नाचा टेम्पो नदीतून येते. वर आंदन, लोखंडी पलंग, कपाट, गाद्या. मधात आपल्या जातीची नवरी, घुंगट घेऊन. तीनदा पाह्यला. कपाट तेच. अन् खाली उतरवून टेम्पो रेतीतून काढाचा म्हटलं तं एक गादी उचलाले चौघं लागतेत. कापसाच्या मुलखात राह्यतो मी, मले कापसाचं वजन समजते. पन नवरी खरी का खोटी ते मले नाई समजत. तू चाल."

मले नाई म्हनाले तोंड नव्हतं. मी गेली.

दोन दिवस कोनी आलं नाई. तिसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो नदीत उतरला. थावरू पान्यात जाऊन मधोमध उभा राह्यला. ड्रायवर शिव्या देऊ लागला, "मरतं काय बे?" हा म्हने, "नवरी जाऊन राह्यली, भाऊ. आमच्या तांड्याच्या शिवेवर बाईमानूस भेटल्याशिवाय कशी जाईन?"

आमच्यात नवरी तांडा सोडतांनी ढावलो गाते. रडत रडत, एकेकीच्या गळ्यात पडून. मायची आठवन, बापाची, बैलाची, विहिरीची. रस्त्यात जातीची बाई दिसली अन् तिनं गळ्यात हात घातला का पुन्हा तोंड फुटते. ते शिकवा लागत नाई. मी टेम्पोत चढली. पोरीले आमचे घागरा-चोळी, फेटिया-कांचळी घातली होती, आरशाची, भाड्यानं आनल्यासारखी सैल. म्या तिच्या गळ्यात हात घातले अन् ढावलोचा पयला सूर लावला. पोरगी आंग चोरून म्हने, "सोड ना मावशी, गरम होऊन राह्यलं."

मी तिथंच गादीवर बसली. खाली कुरकुर वाजलं. बियान्याचे पाकिटं. कापूस वाजत नाई.

म्या थावरूले हाक मारली, "खोटी हाये रे!" गुराखी पळत आले, नायकाचे लोक आले. ड्रायवरची कालर थावरूनं धरली. अन् तवा मले दिसलं का कपाटाच्या आडून एक हमाल खाली उतरून राह्यला. गोपी होता.

थावरूनंबी पाह्यला, बाकी सगळे ड्रायवरभोवती होते. तिघं एकमेकाकडे पाहून राह्यलो. गोपीच्या हातात दोराचा उरलेला तुकडा, गादी आवळाले आनलेला, निळा. तो एक मानूस अन् तो एक तुकडा ठाण्यात गेला असता तं थावरूचं बुक दुसऱ्या दिवशी परत भेटलं असतं. त्याच्यासाठीच तं त्यानं दिवसच्या दिवस उन्हात काढले होते.

तो माह्याकडे पाहात राह्यला. लय वेळ. मी काही बोल्ली नाई.

मंग तो गोपीले म्हने, "जाय. पोरी घरी एकट्या असतीन."

जमादार आला, माल धरला, ड्रायवर आत गेला, त्याच्या जबानीवरून शेठबी. थावरूची पाठ थोपटली. शेठ आठ दिवसात सुटून दुकानात बसला, पन चोरबीटीचा तो रस्ता बंद झाला. थावरूनं बुक मांगतलं तं जमादार म्हने, "ही केस येगळी, ती येगळी. त्या पोत्याचा दोर तुहाच होता का नाई?" थावरू म्हने, "दोर माहाच होता." खोटं कसं बोलन?

त्या केसीच्या तारखा पडतच राह्यल्या. बुक कोर्टातून सुटलं तवा त्याची मुदत सरून गेलती. जहाजानं पुन्हा घेतलं नाई. थावरूनं बकऱ्या घेतल्या. सांजची चक्कर त्यानं बंद केली. कोनाच्या वासराले इचारनं नाई, दाराले इचारनं नाई. आमच्या घरचं पानीबी प्याला नाई, पन गोपी आजारी पडला तवा खाटेवर उचलून फाट्यापर्यंत नेनाऱ्या चौघात तो होता. गोपी त्याच दुखन्यात गेला.

लय सालानं थावरू काविळीनं पडला तवा मी गेली. जमनी बाहेर काडा उकळून राह्यली होती. म्या म्हटलं, "थावरू, तू देव मानूस हायेस."

तो चिडला. "कायचा देव, भोजाई? गोपीले म्या सोडलं ते तुह्याकडे पाहून. मले वाटलं तू बोलशील. त्या दिवशी नाई तं दुसऱ्या दिवशी. मी बुक मांगाले जमादारापुढं उभा होतो तवाबी मांगं वळून पाह्यलं, तू आली का म्हनून."

म्या इचारलं, "आता जाऊ का ठाण्यात?"

"आता तो जमादार बदलून गेला," म्हने, अन् भिंतीकडे तोंड केलं. आठ दिवसानं थावरू गेला. मातीले तांडा सगळा आला होता. नायकाचा पोरगा, ज्याचा पाळना त्या दोरावर टांगला होता, तोच मांगं कोनाले तरी सांगून राह्यला होता, "चांगला होता बिचारा, पन बियान्याच्या भानगडीत पडला." म्या ऐकलं. तवाबी बोल्ली नाई.

आता माह्या पोरी आपापल्या घरी हायेत. मले भेव कोनाचं नाई राह्यलं, म्हनून लिवलं. जो कोनी हे वाचन त्याले माही इनंती हाये. आमच्याकडे याल, मुकुटबनच्या बाजारात बसाल, अन् कोनी थावरू खलाशाले बियानेचोर म्हनन, तं ऐकून पुढं जाऊ नका. तिथंच थांबून त्याले सांगा, का पोते गोपीनं बांदले होते, अन् त्याच्या बायकोले ते पयल्या दिवसापासून मालूम होतं.