धाकट्या जावेची शाळा

साऱ्या झरी जामणी तालुक्यात पोरांना शाळेत न घालण्याचा गुन्हा राजरोस, दार सताड उघडं टाकून करणारी बाई एकच होती, आणि ती नेमकी माझी धाकटी जाऊ निघावी, हे माझ्या नोकरीचं नशीब. मुकुटबनपासून थोडं आत आमचं गाव, तिथल्याच शाळेत मी मास्तरीण. दरवर्षी शाळाबाह्य मुलांची यादी करायला मी घरोघर फिरायची आणि यादीतली पहिली दोन नावं माझ्याच घरातली असायची, प्रज्ञा आणि मैत्री. मी नावं लिहीत असताना जाऊ माझ्यापुढे चहा ठेवून म्हणायची, "ताई, वेलांटी बरोबर द्या. पोट्ट्या वाचतात."

तिच्या शाळेला ना घंटा होती ना सुट्टी. हिवाळ्यात ऊन अंगणात उतरल्याशिवाय धडा सुरू व्हायचा नाही आणि ढग आले तर वर्ग गोधडीत भरायचा. पाढे भाकरी थापताना. सतराच्या पाढ्यापाशी मैत्री हमखास अडायची, ती सुटेपर्यंत जाऊ तव्याकडे पाहायची नाही, आणि ती करपलेली भाकर आम्ही मुकाट खायचो. अंगणात तिने रांगोळीने जिल्ह्याचा नकाशा काढला होता. त्यात बोरी अरब यवतमाळपेक्षा मोठं. मी भूगोलाच्या वतीने हरकत घेतली. "माहेर आहे माझं," ती म्हणाली, "माझ्या अंगणात ते मोठंच राहीन." पण तिचा खरा विषय पाणी. कुठलंही उत्तर पेलाभर पाणी प्यायल्याशिवाय ती ऐकूनच घ्यायची नाही. हा नियम हळूहळू घरादाराला लागला. "मले दाढ दुखते म्हणलं तरी ही सूनबाई पाणी पाजते," असं सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

एकदा शिक्षण खात्यातले माझे साहेब तिला समजावायला आले. प्रज्ञा तेव्हा आठ वर्षांची. चूल पेटलेली होती. प्रज्ञाने साहेबांना विचारलं, "पाणी उकळायच्या आधीच भांड्याच्या बुडाशी बारके बुडबुडे काहून येतात?" साहेबांनी चहा संपवला, पातेल्यात वाकून पाहिलं, "विचारून सांगतो" म्हणाले आणि गेले. त्यानंतर आमच्या घराकडे त्यांची फेरी झाली नाही. आम्ही हसलो. गावही हसायचं. बारावी झालेली बाई, नवरा ट्रॅक्टर चालवतो, आणि म्हणे पोरींना घरी शिकवते.

ती असं का करते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अर्धंच माहीत होतं.

प्रज्ञा दुसरीत, माझ्याच वर्गात होती तेव्हाची गोष्ट. थंडीची सकाळ, परिपाठ चालू. प्रार्थनेच्या मध्येच ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मोठी आई, पाय दुखून राह्यले. बसू?" घरची पोर म्हणून हिला बसवलं तर बाकीचे काय म्हणतील, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "सगळे उभे आहेत ना? तूही राहा." ती राहिली. प्रार्थना झाली, बातम्या झाल्या, कवायत झाली. दुपारी ती वर्गात कोसळली. आधी वणी, मग यवतमाळचा सरकारी दवाखाना. तिथे रक्त तपासल्यावर कळलं, सिकलसेल. गारठा, थकवा, पाणी कमी पडणं, यातलं काहीही झालं तरी हाडं आतून ठणकणार, आणि हे जन्मभराचं. धाकटी मैत्री त्यातून सुटली होती. घरी मी एवढंच सांगितलं की दुपारी पडली. सकाळचं सांगितलं नाही. जावेने विचारलंही नाही. परत आल्यावर तिने दोन्ही मुलींची दप्तरं खुंटीवरून काढली, त्यात मोहरी-जिरं भरून ठेवलं आणि अंगणात नकाशा काढायला बसली.

ती शाळा तीन वर्षं चालली. त्यात प्रज्ञाला कितीदा तरी कळा आल्या. कळ आली की पोर भिंतीकडे तोंड करून पडायची, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि जाऊ तिचे पाय कोमट पाण्याने शेकत इतिहास सांगत बसायची. त्या इतिहासात सनावळ्या नसत. शिवाजी महाराजांच्या घोड्याला काय खायला देत, हेच तास तास चालायचं. घोड्याची वैरण संपत आली की पोर झोपायची. मी भिंतीपलीकडे माझ्या वर्गाच्या वह्या तपासत ते ऐकायची, आणि एकही वही नीट तपासून व्हायची नाही.

प्रज्ञाला दहावं लागलं त्या वर्षी, पोळ्याच्या आठवडाभर आधी तिला ताप आला आणि दम लागला. यवतमाळला नेलं. रक्त चढत होतं. जाऊ खाटेशेजारी उभी राहून पिशवीकडे बोट करायची आणि विचारायची, "किती राहिलं?" पोर आधी "पाऊण" म्हणाली. बऱ्याच वेळाने "अर्धं" म्हणाली. मी पायथ्याशी उभी होते. तिसऱ्या वेळी जावेने विचारलं, तेव्हा प्रज्ञाने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि डोळे पुन्हा मिटले. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

महिनाभर घरात भाकर करपली नाही. मग एका सोमवारी जाऊ मैत्रीचा हात धरून माझ्या शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिली. "हिचं नाव घाला, ताई," ती म्हणाली. "घरी नाही जमत आता. मी प्रश्न विचारतो अन् दोघींच्या उत्तराची वाट पाहत बसतो. ही पोट्टी मग दोन्ही उत्तरं देते."

मैत्री वर्गात गेली. मी प्रवेशाचा फॉर्म भरत होते, पण पेन पुढे सरकेना. मी खाली मान घालून म्हटलं, "त्या दिवशी सकाळी तिने मला सांगितलं होतं. पाय दुखतात म्हणून. मी तिला उभं ठेवलं."

"माहीत आहे," जाऊ म्हणाली. "दवाखान्यातच सांगतलं तिनं मले. म्हणे, मोठी आईले काही म्हणजो नको, तिले माहीत नोतं."

"मग इतक्या दिवसांत तू एक शब्द बोलली नाहीस."

तिने पदराने व्हरांड्याच्या कठड्यावरची धूळ पुसली. बराच वेळ पुसली. "बोलली असती तं तुम्ही रडल्या असत्या अन् मोकळ्या झाल्या असत्या. मले तुम्हाले मोकळं करायचं नोतं, ताई. आता करून राह्यली."

मी रडले. ती रडली नाही. सही कुठे करायची ते विचारलं, केली आणि गेली.

संध्याकाळी पाच वाजता शाळा सुटली. फाटकाशी आया उभ्या होत्या, कोणी कडेवर पोर घेऊन, कोणी कापसाच्या भावावर बोलत. त्यांच्यात माझी जाऊ होती. मैत्री धावत गेली, जावेने तिचं दप्तर घेतलं, काय खाल्लं ते विचारलं आणि दोघी रस्त्याला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला चारचौघींसारखी दिसली, आणि मला ते पाहवलं नाही.