पटकीत बसलेला आवाज

“आजी, कॉलरा आहे. म्हणजे पटकी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी खुळ्यासारखी हसले. पटकी माझ्या आजीच्या काळातली. ती आता आमच्या कबनूरला कशाला येईल?

पण कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या त्या वॉर्डात आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, ओळखू येत नव्हते. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. डिहायड्रेशन, म्हणजे अंगातलं पाणीच आटलेलं. दोन्ही हातांना सलाईन, तरी लघवी नाही. “किडनी बंद पडायला नको,” बाई म्हणाल्या. तेव्हापासून मी नुसती त्या लघवीच्या रिकाम्या पिशवीकडे बघत बसले.

बाई वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटला वय, गाव, काम विचारत होत्या. लहान पोरं जास्त असतील असं त्यांना वाटलेलं. निघाले बहुतेक यंत्रमागावरचे तरणे गडी. म्हातारे तेवढे आमचेच, काम सुटलं तरी मागाच्या शेडवर जाऊन बसणारे.

दिलेलं अँटिबायोटिक लागू पडेना. मग कल्चरचा रिपोर्ट आला. कल्चर म्हणजे शौचातले जंतू वाढवून ते कुठल्या औषधानं मरतात ते बघणं. “रेझिस्टन्स आहे. जंतू या औषधाला जुमानत नाहीत. आजोबांनी आधी काही घेतलं होतं का?”

मला काय ठाऊक? मालकांचा आवाज पार बसलेला. ओठ तेवढे हलत होते. बाई कान लावून दमल्या.

“सरका बाई,” मी म्हटलं, “मला कळतंय.”

मागाच्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकतंय? तिथं सगळे ओठच वाचतात. लग्नाआधी मी त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची, तोंडाला ही पावडर थापून, जशी काय सिनेमाला निघाल्ये. हे मागापलीकडून ओठांनीच म्हणायचे, “पावडर गळतीया.” आणि ती येडी, म्हणजे मीच, त्यालाच प्रेम समजून लाजायची.

आता तेच ओठ सांगत होते, “शेडातल्या माठाचं पाणी पितोय. पोट बिघडलं की मेडिकलातनं कॅप्सूल आणायची. एक-दोन खायच्या, थांबलं की बास. समदीच खात्यात.”

“आणि घरात मी पाणी उकळतेय ते कुणासाठी?”

“मचूळ लागतंय.”

मरायला टेकलेला माणूस, आणि चव सांगतोय. मला रडावं की हाणावं कळेना.

बाईंनी शेडवर माणसं धाडून माठ बंद करवला. “असं अर्धवट औषध खाऊनच जंतू निबर होतात,” म्हणाल्या आणि औषध बदललं. “पण आजी, जीव वाचवणार ते पाणीच. ओआरएस पाजत राहा.” ओआरएस म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. चमचा चमचा पाजलं. उलटी झाली की थांबायचं, परत पाजायचं. तुमच्यावर ही वेळ आली तर जुलाब वाढतील म्हणून पाणी तोडू नका, आणि मनानं कॅप्सूल खाऊ नका. एवढ्यासाठीच लिहितेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत पिवळं दिसलं. मी त्या पिशवीलाच हात जोडले. बाईंच्या पाया पडायला गेले तर त्या पळाल्या.

मालकांचे ओठ हलले. मी वाकले. माझं पारोसं तोंड, विस्कटलेले केस.

“आज पावडर न्हाय व्हय?”

ती येडी लाजली की परत.