खंडेराव गेटला न विचारलेला प्रश्न

गाडी झाशीला पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि आमच्या डब्यातून उतरणारा मी एकटाच होतो. सांगलीहून निघताना शेजाऱ्यांना मी ऐटीत सांगितलं होतं, व्याख्यानाला बोलावलंय. खरं कारण वेगळं. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी नेहा टोरांटोला असते, आणि तीस वर्षं आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला कुणी ऐकून घेणारं भेटलं तर तो कुठेही जातो.

स्टेशनवर न्यायला कॉलेजचं कुणी आलं नव्हतं. ई-रिक्षावाल्याने मला दोनदा किल्ल्यापाशी नेलं. बाहेरगावचा माणूस दुसरं काय बघायला येणार, असा त्याचा हिशेब. गेस्ट हाऊसच्या खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्यावर मी बॅग ठेवली, तेवढीच सोबत.

व्याख्यानाला पंचवीसेक मुलं होती, त्यातली निम्मी मोबाइलमध्ये. शेवटच्या बाकावर साठीच्या एक बाई वहीत काहीतरी उतरवून घेत होत्या. रुपया का घसरतो, त्यात निर्यातदाराचं आणि परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्याचं कसं फावतं, हे मी सांगितलं. शेवटी माझं आवडतं वाक्य टाकलं. विनिमय दर लोकांच्या अपेक्षांवर हलतो, उद्या रुपया पडणार असं सगळ्यांना वाटलं तर तो आजच पडतो, म्हणून जाणत्या माणसाने बोलताना जपावं. टाळी पडली नाही. चहा मात्र आला.

त्या बाई दारापाशी थांबल्या होत्या. नाव कुमुदताई, राहायला खंडेराव गेटजवळ. "तुम्ही आपल्यातले ना? मग जेवायला घरी चला जी," म्हणाल्या. माझी मराठी घरातल्या घरातली आहे, हसू नका, हेही बजावलं. माहेर गुरसरायचं. सासरचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर कारकून म्हणून आले ते इथलेच झाले. आता घरात त्या एकट्या. मी न हसण्याचं कबूल केलं, पण स्वयंपाकघराला त्या मुदपाक म्हणाल्या तेव्हा हसलोच. आमच्याकडे हा शब्द नाटकातसुद्धा उरलेला नाही.

पानात कढी, भात, पोळी आणि बरुआसागरच्या अदरकाचं (आल्याचं) लोणचं होतं. ते इतकं झणझणीत की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसताना समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने एक आकडा. दूध-इस्त्रीचा असेल म्हटलं, तर तो ओमानी रियालचा त्या दिवशीचा भाव होता.

त्यांचा मुलगा मंदार मस्कतला वायरिंगच्या कामावर सुपरवायझर आहे. करार पुढच्या महिन्यात संपतो. वरचा मजला बांधण्यापुरते पैसे जमले की परत येईन, असं जाताना म्हणाला होता. ताटावर बसल्याबसल्या त्यांनी वही उघडली आणि मला नेमकं विचारलं. रियाल वधारला म्हणजे पैसे लवकर जमणार, मग मुलगा लवकर येणार, की भाव चांगला आहे म्हणून आणखी थांबणार?

पुस्तकात दोन्ही उत्तरं आहेत, मी म्हणालो, आणि दोन्ही बरोबर आहेत.

"मग पुस्तकाचा उपयोग काय, भैया?" त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच हवं होतं.

त्यालाच का विचारत नाही, असं मी म्हटलं. त्यांचा वाढता हात थांबला. त्यांच्या घराण्यात चाल आहे. मुलूखगिरीवर निघालेल्याला घरच्यांनी 'कधी येणार' विचारायचं नाही, विचारलं तर येणं लांबतं. फौजा गेल्या, चाल राहिली. म्हणून तीन वर्षं त्या मुलाऐवजी रियालवर नजर ठेवून होत्या.

"आता त्याचा फोन येईल. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला चाल नाही. तुम्ही विचारा," त्या म्हणाल्या. मी हो म्हणालो.

फोन आला. मंदार जेवणाच्या सुट्टीत होता, व्हिडिओत त्याच्या मागे पांढऱ्या इमारती दिसत होत्या. कुमुदताईंनी माझी ओळख सांगून फोन माझ्या हाती दिला, पण मी तोंड उघडायच्या आत त्यानेच विचारलं, "सर, आई म्हणाली तुम्ही बडे प्रोफेसर आहात. रुपया और गिरेगा क्या?"

हा प्रश्न मला कितीतरी दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी खुललो. तेलाची आयात, व्याजदर, परदेशी गुंतवणूकदारांनी काढून नेलेला पैसा, सगळं त्याला समजावून सांगितलं. पोरगा मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणालो, "पडेल. मला तरी तसंच वाटतं."

"तो फिर ठीक है, सर. दोन साल और रुकता हूँ. आजच सही करून टाकतो."

कुमुदताईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "जेवलास का रे?" एवढंच विचारलं आणि ठेवून दिला.

मला लाज वाटली. त्याला परत फोन लावू, मी विचारतो, असं म्हणालो. नको म्हणाल्या. "आता विचारलं तर मीच विचारायला लावलं असं होईल." त्यांनी कॅलेंडरवर त्या दिवसाचा भाव लिहिला आणि मला आणखी कढी वाढली. ती मी मुकाट्याने खाल्ली. निघताना त्यांनी लोणच्याची बरणी कापडात बांधून दिली. मला रागावण्याइतकंही त्यांनी आपलं मानलं नाही, हे सगळ्यात लागलं. परतीच्या गाडीत डबा भरलेला होता, पण मी कुणाशी बोललो नाही.

रविवारी सकाळी नेहाचा फोन आला. आमचं बोलणं अकरा वर्षं एकाच वाटेने चालतं. ती रुपया कितीला ते विचारते, मी सांगतो. मी बर्फ किती ते विचारतो, ती सांगते. आमच्या घराण्यात कसलीही चाल नाही. आम्ही आपले तसेच.

"बाबा, रुपया कितीला आज?"

बरणी समोर होती. मी भाव सांगितला नाही. "नेहा, तू परत कधी येणार?" म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "बाबा, मला वाटायचं, तुम्हाला मी यायला नकोय."