कापलेली कादंबरी

माझी ताई रागीट आहे असं म्हणणं म्हणजे तिची बाजू घेतल्यासारखं होईल. रागीट मी आहे. ताईचा हात आधी चालतो, राग मागून येतो. लहानपणी तिने एका ठोशात माझा पुढचा दात पाडला आणि मग तो शोधायला माझ्याबरोबर जमिनीवर रांगत रडली. गेली बावीस वर्षं आम्ही दोघं मिळून पुस्तकबांधणीचा कारखाना चालवतो. कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, शिलाईचं मेज, खळीची पातेली आणि हाताने दांडा ओढायचं कटिंग मशीन. वरच्या मजल्यावर ताई, भावोजी आणि त्यांच्या दोन मुली. हजारो पुस्तकं ताईच्या हाताखालून गेली, पण तिने एकही वाचलं नव्हतं. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच.

मुली मात्र पुस्तकांवर तुटून पडायच्या. थोरली पंधरा वर्षांची, धाकटी तेराची. थोरलीला मी वाळवी म्हणायचो. चुकून उलटे छापलेले फॉर्मे, म्हणजे छापखान्यातून आलेले न शिवलेले कागद, रद्दीत काढलेली पानं, काहीही पोटात घालायची. जेवताना वाचायची, जिना चढताना वाचायची आणि अर्थातच वर्गात बाकाखाली धरूनही वाचायची. तिथे शिक्षकाने तिला पकडलं, केसांना धरून तिचं तोंड बाकावर आपटलं. ओठ फाटला. दुसऱ्या दिवशी ताई शाळेत गेली. पुढे काय झालं ते चाळीस मुलांनी पाहिलं, हेडमास्तरांनी पाहिलं, आणि तिला ओढून बाहेर काढताना मीही पाहिलं. मास्तरांचा चष्मा दोन जागी मोडला होता आणि नाक एका जागी.

"माझ्या पोरी घरी शिकतील," ताई घराच्या जिन्यावर उभी राहून म्हणाली. "अभ्यासापायी त्यांना पुन्हा कुणी हात लावणार नाही."

भावोजी शांत माणूस. ते म्हणाले, "एक वर्ष. थोरलीला बाहेरून परीक्षेला बसव. नापास झाली तर त्याच शाळेत, त्याच मास्तरांसमोर."

गणित, विज्ञान शिकवायला शेजारच्या निवृत्त बाई येत होत्या. साहित्य मात्र ताईने स्वतःकडे घेतलं, कारण पुस्तकं हा आपला धंदा असं तिचं म्हणणं. तिने मार्गदर्शिका आणल्या. प्रत्येक कादंबरीची एक. प्रकरणवार प्रश्न, शब्दार्थ, 'लेखकाला यातून काय सुचवायचे आहे', आणि शेवटी नमुना उत्तरे. नमुना उत्तरांची पानं तिने पहिल्याच दिवशी वेगळी काढून कपाटात कुलूप लावून ठेवली. आता कादंबरी न वाचताही तिला तपासता येणार होतं.

मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर सूचना होती : एका प्रकरणाचे प्रश्न सोडवल्याशिवाय पुढील प्रकरण वाचू नये. दुसरी कुठली आई असती तर तिने मुलींना तसं बजावलं असतं. ताईने कादंबरीच उसवली. पुठ्ठा सोलून काढला, दोरे तोडले, एकतीस प्रकरणांच्या एकतीस वह्या केल्या, प्रत्येक वेगळी शिवली. एक प्रकरण ज्या पानावर संपतं त्याच्याच पाठीवर पुढचं सुरू होत असेल, तिथे तिने पाठीवर कोरा कागद खळीने चिकटवला. ते पाहून थोरली अशी किंचाळली की मला वाटलं कुणाचा हात मशीनमध्ये गेला.

ज्या पोरीला एका दुपारी दोनशे पानं लागायची, तिला आता रेशनिंगवर दिवसाला अकरा पानं मिळू लागली. मग सुरू झाली मारामारी. पोरगी चिकटवलेला कागद जिभेने भिजवून सोलायची आणि पुढचं पान वाचायची. ताईला ओल्या कडा दिसायच्या. खळ तिची, तिला कोण फसवणार? पहिल्यांदा तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. दुसऱ्यांदा पोरीने मेजावरचं खळीचं पातेलं तिच्या अंगावर भिरकावलं. तिसऱ्यांदा दोघी जिन्यावर झोंबल्या आणि कठडा तुटला. धाकटी मध्ये पडली तर तिला दोन्हीकडून बसली. मी वरून ओरडत होतो, आणि खरं सांगतो, मला ताईचा राग आला तरी मी तिच्याच बाजूने ओरडत होतो. परीक्षा जवळ आली होती.

त्या दिवशी दुपारी कारखान्यात आम्ही चौघंच होतो. उसवलेली ती कादंबरी एका नावाड्याची. प्रश्न होता, नावाड्याने आपली नाव का जाळली. थोरलीने लिहिलं होतं : त्याचा मुलगा नदीपलीकडे राहायला गेला होता, नाव असती तर बाप रोज पलीकडे जाऊन 'परत ये, परत ये' करत बसला असता, म्हणून त्याने ती जाळली.

ताईने नमुना उत्तर पाहिलं आणि त्यावर लाल फुली मारली. "चूक. गरिबीला कंटाळून जाळली. परत लिही."

"नमुना लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नाही."

"शहाणपणा बास. लिही."

"तू वाचलंयस का?"

"काय?"

"पुस्तक. एक पान तरी वाचलंयस का, आई? तू नुसती कापतेस."

ताईच्या हातात दोन फुटी लोखंडी पट्टी होती. ती थोरलीच्या कपाळावर बसली, कडेने. भुवईच्या वर मांस उघडं पडलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. पोरगी रडली नाही. तिने मार्गदर्शिका उचलली, कटिंग मशीनपाशी गेली, ती पात्याखाली सारली आणि दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला.

ताईने पुस्तक वाचवायला हात घातला.

पात्याची संरक्षक जाळी मीच काढून ठेवली होती, काम भराभर उरकावं म्हणून. हे मी डॉक्टरांना सांगितलं, भावोजींना सांगितलं, पण ज्यांना सांगायला हवं त्या दोघींना आजतागायत सांगू शकलो नाही. उजव्या हाताची दोन बोटं मार्गदर्शिकेच्या अर्ध्या पानांसकट पलीकडे पडली. ताई ओरडली नाही, थोरली ओरडली. धाकटी कागदाच्या ढिगात ती बोटं शोधत होती.

दवाखान्यात मायलेकी शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. पोरीच्या कपाळाला पाच टाके पडले. ताईची बोटं जोडता आली नाहीत. दोघी एकमेकींकडे पाठ करून पडल्या होत्या आणि मी मध्ये स्टुलावर बसून दोघींना आळीपाळीने पाणी पाजत होतो.

घरी आल्यावर थोरलीने कपाटाची किल्ली मागितली. ताईने दिली. पोरीने नमुना उत्तरं काढली आणि दोन महिने येरझाऱ्या घालत पाठ केली, स्वल्पविरामासकट. साहित्यात शंभरपैकी ब्याण्णव मिळाले. भावोजी शब्दाला जागले. शाळेचं नाव पुन्हा घरात कुणी काढलं नाही. ताईने जिंकायचं ते सगळं जिंकलं होतं.

तेव्हापासून थोरलीने पुस्तक उघडलेलं नाही. मी नवे फॉर्मे वर नेऊन द्यायचो, मुद्दाम चांगल्या कादंबऱ्यांचे. "ठेव, मामा," म्हणायची. ते ठेवल्या जागी पडून राहायचे. मग मी न्यायचं बंद केलं. तिला वाळवी म्हणायला जीभही आता वळत नाही.

ताईला सुई धरता येईना. दिवसभर कारखान्यात नुसतं बसून करणार काय? तिने नावाड्याच्या त्या एकतीस वह्या खाली आणल्या आणि पहिली उघडली. उरलेल्या तीन बोटांपैकी एक ओळीखाली फिरवत, ओठ हलवत वाचायची. एखादा शब्द अडला की मला विचारायची आणि मला आला नाही की माझ्यावर खेकसायची. साडेतीन आठवडे लागले. शेवटच्या वहीला तिला रडू आलं, ते तिने लपवलं नाही. मग ती तडक उठली आणि वर गेली. काहीतरी होणार म्हणून मी मागोमाग गेलो.

थोरली इस्त्री करत होती. ताई दारातच उभी राहिली. तिचा श्वास लागला होता.

"नावाड्याचं तुझंच बरोबर होतं," ती म्हणाली. "पोराला परत बोलवू नये म्हणून जाळली त्याने. गरिबीचा त्यात काही संबंध नाही. मी वाचलं. सगळं वाचलं."

थोरलीने शर्टाची बाही सरळ केली, तिच्यावरून इस्त्री फिरवली.

"परीक्षेत तोच प्रश्न आला होता, आई," ती म्हणाली. "मी गरिबी लिहिलं. पैकीच्या पैकी मिळाले."